चांदी अस्वल : पाहिलेले आणि ऐकलेले



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते व ही पुस्तिका निघते, त्यांनी आम्हांला आठवीत असताना निसर्गनिरीक्षणाची एक वही घालायला लावली होती. वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे ‘पाहिलेले’ आणि उजवीकडे ‘ऐकलेले’. ज्याने डावीकडच्या रकान्यात ऐकीव गोष्ट लिहिली, त्याला ते पान पुन्हा लिहून काढावे लागे. मला अशी पाने पुष्कळदा लिहावी लागली. पुढे मी भाषेच्या अभ्यासाकडे वळलो. तिथे ऐकलेले आणि पाहिलेले यांची सरमिसळ हा दोष मानत नाहीत, उलट कित्येकदा ते काव्य मानले जाते. त्यामुळे ती उभी रेघ हळूहळू पुसट होत गेली.

तिची आठवण होण्याचे कारण असे की, १९९३ सालच्या स्नेहसंमेलनात याच शाळेच्या व्यासपीठावरून मी एक गोष्ट सांगितली होती. आफ्रिकेच्या रानात एक लहानसा पक्षी आणि एक निर्भय श्वापद यांची मैत्री असते. पक्ष्याला मधाचे पोळे सापडते, पण ते फोडता येत नाही. श्वापदाला फोडता येते, पण सापडत नाही. पक्षी वाट दाखवतो, श्वापद पोळे फोडते आणि दोघे वाटून खातात. परस्पर साहाय्याचा हा दृष्टान्त ऐकून तुमच्यापैकी अनेकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. त्यानंतरही महाविद्यालयाच्या वर्गांत मी ही गोष्ट किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. प्रत्येक वेळी ती डावीकडच्या रकान्यातली असल्याच्या थाटात सांगितली. ते पान आता मला पुन्हा लिहून काढायचे आहे.

ते श्वापद म्हणजे इंग्रजीत ज्याला ‘हनी बॅजर’ म्हणतात ते. मराठी प्राणिकोशांत त्याला ‘चांदी अस्वल’ असे नाव आहे. नावांच्या बाबतीत हा प्राणी मोठा दुर्दैवी आहे. तो अस्वल नव्हे. चांदीही नव्हे, फक्त पाठीवर मस्तकापासून शेपटीपर्यंत पांढुरकी, रुपेरी झूल पांघरल्यासारखी असते. खऱ्या बॅजरांशी त्याचे नाते दूरचे आहे. पाणमांजरे, मार्टेन, वीझल ज्या कुळात येतात त्याच कुळात तो मोडतो, परंतु त्याची उपशाखा स्वतंत्र आहे आणि तीत तो एकटाच. मधाचे म्हणाल तर पोळ्यात त्याला मधापेक्षा माश्यांच्या अळ्या अधिक प्रिय. तरीही शास्त्रीय नाव ‘मेलिव्होरा’ म्हणजे मध गिळणारा. आफ्रिकान्स भाषेत त्याला ‘रॅटल’ म्हणतात आणि या शब्दाचे मूळ मधाच्या पोळ्यासाठी असलेल्या जुन्या डच शब्दात असावे असे एक मत आहे. स्वाहिलीत तो ‘न्येगेरे’. आपल्या माळव्यात, लहानपणी रात्री दार उघडे राहिले की आजी ज्या ‘बिज्जू’ची भीती घालीत असे तोही बहुधा हाच. ‘बहुधा’ म्हणण्याचे कारण, बिज्जू हे नाव लोक उदमांजरालाही देतात.

हा प्राणी केवळ आफ्रिकेचा नव्हे. सहाराच्या दक्षिणेकडील बहुतेक आफ्रिका, अरबस्तान, इराण, तुर्कमेनिस्तान आणि तिथून भारत व नेपाळ असा त्याचा विस्तार आहे. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत त्याला वाघाबरोबर स्थान आहे. पण वाघ ज्यांनी पाहिला असे पन्नास लोक मला भेटले, चांदी अस्वल पाहिलेला एकही भेटला नाही. मला स्वतःला ते पाहण्यासाठी वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी समुद्र ओलांडावा लागला.

माझी कन्या नोकरीनिमित्त जोहान्सबर्गला असते. २०१८ च्या ऑगस्ट महिन्यात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो असता तिने व जावयांनी आम्हांला क्रूगर राष्ट्रीय उद्यानात नेले. १९२६ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालेले हे अरण्य सुमारे साडेएकोणीस हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे आपल्या कान्ह्यासारखी कितीतरी अरण्ये त्यात मावतील. ऑगस्ट हा तिकडचा कोरडा हिवाळा. गवत वाळून पिवळे पडलेले, झाडे निष्पर्ण, त्यामुळे दृष्टी दूरवर पोचते. आमचा मुक्काम साटारा नावाच्या छावणीत होता. गवताने शाकारलेल्या गोल झोपड्या, समोर ओसरी, आणि ओसरीवरच स्वयंपाकाचा ओटा व शीतकपाट. कपाटाला बाहेरून कडी घातलेली, कारण बबून माकडे दार उघडतात. सूर्यास्ताला छावणीचे फाटक बंद होते आणि भोवती तारेचे कुंपण आहे, म्हणून मी निर्धास्त होतो. हे कुंपण सिंहासाठी आहे, जमीन उकरणाऱ्यासाठी नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते.

दुसऱ्या रात्री साडेनऊच्या सुमारास मंडळी आत निजली होती. मी ओसरीवर वेताच्या खुर्चीत शाल पांघरून बसलो होतो. शेजारच्या झोपडीतल्या पाहुण्यांनी निखाऱ्यांवर मांस भाजले होते, त्याची हाडे ओसरीच्या टोकाला ठेवलेल्या कचऱ्याच्या पिंपात पडली होती. प्रथम आवाज झाला तो पिंपाच्या झाकणाचा. मी विजेरी पेटवली. प्रकाशात जे दिसले ते दृष्टीला पटेना, कारण त्या प्राण्याचा खालचा काळा भाग अंधारात मिसळून गेला होता आणि वरची पांढरी झूल तेवढी जमिनीपासून वीतभर उंचीवर अधांतरी चालत होती. त्याने पिंपाला दोन्ही पाय लावले, एकदा हलवले, आणि अनुभवी हमालाच्या सफाईने आडवे केले.

माझ्या हातून जी चूक झाली ती शिक्षकी सवयीची. मी खुर्चीतून उठून मोठ्याने ‘हट्’ म्हणालो.

वर्गात या एका शब्दाने साठ मुले शांत होत. इथे उलट झाले. प्राणी वळला, शेपटी उभी केली, आणि घशातून खडखडाटासारखा, वाळूत साखळदंड ओढल्यासारखा आवाज काढीत माझ्याकडे चार पावले धावून आला. मी खुर्चीत बसलो नाही, पडलो. आणि पाय वर घेतले. तो थांबला. त्याच्या नि माझ्यामध्ये दीड हाताचे अंतर असेल. झोपडीचे दार त्याच्या पलीकडे. आवाजाने कन्येने खिडकीचा पडदा सारला आणि हलक्या आवाजात म्हणाली, “बाबा, हलू नका. तो तुमच्यासाठी आलेला नाही.” वाक्य अपमानास्पद असले तरी खरे होते. क्षणभर माझ्याकडे पाहून तो परतला, हाडांत तोंड घातले, आणि पुढची पंचवीस मिनिटे माझ्या अस्तित्वाची त्याने यत्किंचित दखल घेतली नाही. मी मात्र त्याची पुरेपूर घेतली. गुरुजींची वही त्या रात्री मला प्रथम आठवली, आणि डावीकडच्या रकान्यासाठी मी त्याला निरखू लागलो.

लांबी शेपटी सोडून दोन-सव्वादोन फूट, उंची फुटाहून कमी. पाय आखूड, अंग रुंद व चपटे. कान असे नाहीतच, केवळ कातडीची घडी. बीळ उकरताना ती मिटते आणि माती आत जात नाही, असे मी पुढे वाचले. पुढच्या पायांच्या नख्या दीडेक इंचाच्या. हाड फोडताना होणारा आवाज सुपारी फोडल्यासारखा सहज. आणि वास! शेपटीखालच्या ग्रंथीतून तो एक उग्र दर्प सोडतो. ओसरीवर तो दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत होता. जाताना तो धावला नाही. आला तसाच, दुडक्या चालीने, मागे न पाहता गेला.

सकाळी छावणीतल्या वाटाड्याला हकिगत सांगितली तेव्हा तो हसला. त्याने मला कुंपणाखालचा खड्डा दाखवला. रात्रपाळीचे हे पाहुणे साटाराला नित्याचेच आहेत, आणि पिंपांना अडणे घालून पाहिले तरी ते काढतात असे तो म्हणाला. मग त्याने स्वतःची एक आठवण सांगितली. ती मी उजव्या रकान्यात लिहितो. रस्त्याच्या कडेला दोन तरुण सिंहांनी एका रॅटलला अडवले होते. तो पळाला नाही. असाच खडखडाट करीत त्यांच्यावर धावून गेला, ते मागे सरले, तेवढ्यात तो उलट्या पावलांनी बिळात शिरला. मी म्हटले, “म्हणजे सिंहालाही तो भीत नाही!” वाटाडे थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “भीत नसता तर बिळात कशाला गेला असता? त्याच्या आदल्या वर्षी आम्हांला एक मेलेला सापडला होता. सिंहांनीच मारला होता. खाल्ला नव्हता.”

हे उत्तर माझ्या मनात राहिले, आणि परत आल्यावर या प्राण्याविषयी जे मिळाले ते मी वाचत गेलो.

जगातील सर्वांत निर्भय प्राणी म्हणून गिनीजच्या पुस्तकाने त्याची नोंद केली. दक्षिण आफ्रिकेच्या सैन्याने आपल्या एका चिलखती वाहनाला ‘रॅटल’ हे नाव दिले. २००७ साली इराकमधील बसऱ्यात अशी आवई उठली की ब्रिटिश सैन्याने माणसे खाणारी श्वापदे शहरात सोडली आहेत. ब्रिटिशांच्या प्रवक्त्याला तसे काही केले नसल्याचे जाहीर सांगावे लागले आणि ती ‘श्वापदे’ म्हणजे तिथली स्थानिक चांदी अस्वले निघाली. आपल्याकडे तो कबरी उकरून प्रेते खातो ही समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. सारांश, जिथे तो आहे तिथे त्याच्याविषयीची गोष्ट त्याच्या पुढे चालते.

आता जे प्रत्यक्ष अभ्यासिले गेले आहे ते पाहावे. कीथ व कॉलीन बेग या दांपत्याने गेल्या शतकाच्या अखेरीस कलहारीच्या वाळवंटात, आज ज्याला क्गालागादी सीमापार उद्यान म्हणतात तिथे, वर्षानुवर्षे या प्राण्यांच्या मागून फिरून त्यांचा दिनक्रम नोंदवला. मोटारीच्या सोबतीची सवय झालेली जनावरे त्यांच्यासमोर नित्याचे व्यवहार करू लागली. त्यांतून दिसले ते असे की, या ‘योद्ध्याचे’ आयुष्य बव्हंशी खोदण्यात जाते. विंचू, उंदीर, सरडे, पाली, साप, अळ्या, असे साठाच्या आसपास प्रकारचे भक्ष्य त्यांनी नोंदवले. हिवाळ्यात तो दिवसा हिंडतो, उन्हाळ्यात रात्री. एका नराचा वावर पाचशे चौरस किलोमीटरांहून अधिक प्रदेशात, मादीचा सव्वाशेच्या घरात. त्याने उकरायला घेतले की कोल्हा आणि ससाण्याच्या जातीचा एक करडा पक्षी जवळ येऊन बसतात. बिळाच्या दुसऱ्या तोंडातून जो उंदीर निसटेल तो त्यांचा. त्या बदल्यात त्याला काही मिळताना दिसत नाही. मादीला एका वेळी बहुधा एकच पिल्लू होते आणि ते वर्ष-सव्वा वर्ष तिच्या मागे असते. बिळे उकरणे, साप धरणे, हे सर्व ते तिच्याकडून शिकते. ज्या प्राण्याला हिंसेचा पुतळा म्हणून जग ओळखते त्याच्या आयुष्यातला इतका मोठा वाटा शिकवणीचा आहे, हे वाचून एका शिक्षकाला बरे वाटले, हे कबूल करतो.

आणि हो, सिंह व बिबळे त्याला मारतात, ही नोंदही त्याच अभ्यासात आहे.

मग सिंहासमोर उभे राहण्याचे हे साहस येते कुठून? त्याचा पहिला भाग कातड्यात आहे. मानेभोवती ते जवळजवळ सहा मिलिमीटर जाड असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते सैल असते, थोरल्या भावाचा सदरा धाकट्याने घालावा तसे. मानगूट धरली तरी आतला प्राणी कातड्याच्या आत फिरतो आणि धरणाऱ्याचेच नाक पकडतो. दुसरा भाग रंगात. काळ्यावर पांढरे हे रंग लपण्याचे नव्हेत, दुरून ओळखू येण्याचे आहेत. एकदा ज्याने नाकावर चावा खाल्ला तो ती झूल विसरत नाही. चित्त्याच्या लहान पिल्लांच्या पाठीवरही तशीच रुपेरी लव असते, आणि ती चांदी अस्वलाचे सोंग असावी अशी कल्पना १९७६ साली एका अभ्यासकाने मांडली. ती सिद्ध झालेली नाही, परंतु कल्पना म्हणून मोहक आहे. असो.

तिसरा भाग सापांच्या विषाचा. याबाबत एक प्रसंग फार गाजला. कलहारीत चित्रित झालेल्या नॅशनल जिओग्राफिकच्या एका चित्रपटात ‘क्लाइनमन’ नावाचा तरुण नर पफ ॲडर सापाच्या तोंडचा उंदीर हिसकावतो आणि नंतर सापालाच मारून खायला लागतो. हा साप आपल्या घोणशीच्या कुळातला. खाता खाता क्लाइनमन कोसळतो. विष अंगात भिनलेले असते. तो मेला असेच वाटते. दोनेक तासांनी तो उठतो, झिंगल्यासारखा इकडेतिकडे पाहतो आणि उरलेला साप संपवतो.

याची उकल निदान अंशतः २०१५ साली झाली. मिनेसोटा विद्यापीठातील डॅनिएल ड्रॅबेक व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले ते साध्या शब्दांत सांगतो. मज्जातंतूचा संदेश स्नायूला पोचतो तिथे स्नायूवर जणू एक कुलूप असते व संदेशाचा रेणू ही त्याची किल्ली. नागाच्या विषातला एक रेणू त्या कुलपात घट्ट बसतो, खरी किल्ली लागेनाशी होते, श्वासाचे स्नायू थांबतात आणि प्राणी मरतो. चांदी अस्वलाच्या कुलपात एका ठिकाणी घडण बदललेली आहे. तिथे धन विद्युत्भार आला आहे, विषाच्या रेणूवरही धन भार असतो, आणि दोन्ही एकमेकांना दूर लोटतात. हाच बदल साळूत (काटेरी अंगाच्या हेजहॉगमध्ये) आणि डुकरातही स्वतंत्रपणे झालेला आहे. मुंगसाने तेच कार्य निराळ्या युक्तीने साधले: त्याच्या कुलपावर शर्करेची एक साखळी आडवी आली आहे. साप चावल्यावर मुंगूस रानात जाऊन मुंगूसवेलीची मुळी खातो, असे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. औषध त्याच्या स्नायूंतच आहे.

मात्र इथेही रेघ ओढली पाहिजे. हे कुलूप नागाच्या विषाचे. पफ ॲडरचे विष मुख्यतः मांस-पेशी नासवणारे असते, त्यामुळे क्लाइनमन कसा वाचला याचे उत्तर या संशोधनाने मिळत नाही. तो वाचला हे पाहिलेले. का वाचला हे नव्हे. मधमाश्यांच्या बाबतीतही तो अभेद्य नाही. पोळे फोडताना माश्यांच्या दंशांनी मेलेली चांदी अस्वले आढळलेली आहेत.

त्याच्या बुद्धीची कथा याहून रंजक. क्रूगरच्या पश्चिमेस मोहोलोहोलो नावाचे जखमी प्राण्यांचे शुश्रूषाकेंद्र आहे. तिथे ‘स्टोफेल’ नावाचा माणसाळलेला नर होता. त्याला ठेवण्यासाठी ब्रायन जोन्स यांनी भिंती बांधल्या. त्याने आवारातले दगड भिंतीशी रचून पलायन केले. दगड काढले, तर विसरलेले फावडे भिंतीला टेकवून चढला. टायर ठेवले, ते लोटून आणले. काहीच उरले नाही तेव्हा ओल्या मातीचे गोळे करून त्यांची रास केली. सोबतीला मादी आणून ठेवली, तर फाटकाच्या कड्या काढण्याच्या कामी ती त्याची साहाय्यक झाली. २०१४ साली बीबीसीच्या चित्रपटातून हे सर्व जगाने पाहिले. हाच स्टोफेल एकदा सिंहांच्या आवारात शिरून जबर जखमी झाला होता. बरा झाल्यावर तो पुन्हा तिकडे गेला, असे जोन्स यांनी सांगितले आहे. याला निर्भयता म्हणावे काय? आपल्या भाषेत धीट, निडर, बेडर, बेपर्वा, उद्दाम असे किती शब्द आहेत, आणि प्रत्येकाचा तोल वेगळा. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी गुणांची गणना ‘अभय’ या गुणापासून सुरू होते. त्या पंक्तीत मी स्टोफेलला बसवणार नाही. भीती कळून तिच्या पार जाणे ही एक गोष्ट, आणि पळण्यापेक्षा वळून उभे राहिल्याने जीव अधिक वेळा वाचतो असे लाखो वर्षांत अंगी मुरणे ही दुसरी. आखूड पायांच्या या प्राण्याला पळून बिबळ्यापुढे जाता येणार नाही. माझ्या ओसरीवरही त्याने चार पावले टाकली ती मला खाण्यासाठी नव्हे. माझ्याकडे पाठ करून हाडे खाणे सुरक्षित आहे की नाही एवढे त्याला ठरवायचे होते.

आता त्या टाळ्यांच्या गोष्टीकडे येतो.

मधाची वाट दाखवणारा पक्षी खरा आहे. चिमणीहून थोडा मोठा, करड्या-तपकिरी रंगाचा हा मधदर्शक माणसांना पोळ्यापर्यंत नेतो, यात शंका नाही. लिनियसचा शिष्य स्पारमन हा स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ १७७० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेत फिरला आणि १७७७ साली त्याने या पक्ष्याचे वर्णन युरोपातील विद्वानांपुढे ठेवले. याच पक्ष्याला रॅटलचा वाटाड्या करणारी गोष्टही त्याच्याच लेखनातून पसरली. पण हा भाग त्याने स्थानिक लोकांकडून ऐकलेला होता, पाहिलेला नव्हता. पुढे दोनशे वर्षे एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात तो उतरत गेला, आणि त्यांतल्याच एका पुस्तकातून माझ्या वहीत. १९९० साली दक्षिण आफ्रिकेतील पक्षिशास्त्रज्ञांनी यावर स्पष्ट शंका घेतली होती. म्हणजे मी १९९३ मध्ये टाळ्या घेत होतो तेव्हा शंका तीन वर्षांची झाली होती. आपल्या शहरात ते नियतकालिक येत नव्हते, ही सबब आहे, पण सबबच.

शंका साधीच होती. पक्षी दिवसाचा, रॅटल बहुधा रात्रीचा. त्याची दृष्टी व श्रवण फारसे तीक्ष्ण नाहीत. उंच फांदीवरची चिवचिव ऐकून तो पाठोपाठ जाईल कसा?

माणसांच्या बाबतीत मात्र पुरावा भक्कम झाला. मोझांबिकच्या निआस्सा अरण्यात याओ जमातीचे मध गोळा करणारे लोक पक्ष्याला बोलावण्यासाठी एक विशिष्ट आवाज काढतात: आधी जिभेचा लांब ‘र्र्र’ आणि मग हुंकार. क्लेअर स्पॉटिसवुड यांनी बेग दांपत्याबरोबर केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले की, इतर कोणताही आवाज काढला तर पोळे सापडण्याची शक्यता १०० पैकी सुमारे १६. हा आवाज काढला तर ५४. रानातला मुक्त पक्षी माणसाच्या एका शब्दाचा अर्थ जाणतो आणि तो शब्द बापाकडून मुलाकडे येतो. भाषेच्या अभ्यासकाने अधिक काय मागावे! माणूस धूर करून पोळे काढतो, मध नेतो, मेण पक्ष्याला उरते.

आणि रॅटल? २०२३ साली एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली. तीत आफ्रिकेतील नऊ देशांतल्या मध गोळा करणाऱ्या जवळजवळ चारशे जणांना विचारण्यात आले: पक्ष्यामागून रॅटल जाताना तुम्ही पाहिला आहे काय? बहुतेक जमातींतील बहुतेकांचे उत्तर नकारार्थी आले. ज्यांचे उभे आयुष्य या पक्ष्याच्या मागून चालण्यात गेले, त्यांना ते कधी दिसले नव्हते. एवढ्यावर मी माझे पान खोडून मोकळा झालो असतो. परंतु टांझानियात उत्तर बदलले. तिथल्या हाडझा लोकांपैकी निम्म्याहून अधिकांनी सांगितले की, होय, आम्ही पाहिले आहे. हे लोक धनुष्यबाण घेऊन रानातून निःशब्द चालतात; कदाचित म्हणूनच जे इतरांच्या चाहुलीने मोडते ते त्यांना दिसत असेल. एखाद्या प्रदेशातल्या रॅटलांनी ही विद्या शिकली असेल आणि इतरत्र नसेल, असेही अभ्यासक म्हणतात. त्यामुळे १९९३ च्या गोष्टीचा दुरुस्त पाठ असा: पक्षी माणसाला वाट दाखवतो हे सिद्ध, चांदी अस्वलाला दाखवतो हे बहुतेक ठिकाणी कोणी पाहिलेले नाही, एका ठिकाणी पाहिल्याचे सांगतात, शास्त्रज्ञांनी अद्याप पडताळलेले नाही. टाळ्या पडतील असा हा पाठ नाही, याची मला जाणीव आहे.

ही दुरुस्ती केवळ विद्वत्तेची हौस म्हणून करीत नाही. मधाच्या गोष्टीची किंमत या प्राण्याने फार मोजली आहे. दक्षिण आफ्रिकेत मधुमक्षिकापालन करणारे लोक मधपेट्या जमिनीवर ठेवीत, रॅटल त्या उलथून फोडी, आणि एका रात्रीत वर्षाची मिळकत जाई. मग लोखंडी सापळे आले, विष आले. सापळ्यात पाय अडकलेले जनावर ‘निर्भय’ म्हणून काही सुटत नाही. उलट वळून लढण्याची त्याची सवयच तिथे घात करते, कारण माणूस मागे सरत नाही. या शतकाच्या आरंभी बेग दांपत्याने व तिथल्या निसर्गसंस्थांनी पालकांशी बोलून उपाय सुचवला: पेट्या मीटरभर उंच मांडणीवर ठेवा, किंवा पट्ट्यांनी बांधा. तसे करणाऱ्यांच्या मधाच्या बाटलीवर रॅटलस्नेही असल्याची खूण लागू लागली. कन्येने परतताना मला अशीच एक बाटली दिली होती. पुष्कळ दिवस ती आमच्या देव्हाऱ्याशेजारी होती. मध संपल्यावर आमच्या सौभाग्यवतींनी तीत लोणचे भरले, तरी खूण अजून शाबूत आहे.

माळव्यातले ‘बिज्जू’ अजून आहे की नाही, असल्यास ते उदमांजर की चांदी अस्वल, हे मला या वयात शोधता येणार नाही. आपल्यापैकी कित्येक जण शेती सांभाळतात, काही वनखात्यात आहेत, काहींची गावे नर्मदेच्या खोऱ्यात आहेत. ओढ्याकाठी, खडकाळ माळावर, रात्रीच्या प्रवासात मोटारीच्या उजेडात, पाठीवर पांढरी झूल घेतलेला असा प्राणी कोणाच्या दृष्टीस पडला असेल तर त्याने शाळेच्या पत्त्यावर पोस्टकार्ड अवश्य टाकावे. दिवस, ठिकाण, वेळ आणि अंतर लिहावे. आजीने सांगितलेले असेल तर तेही लिहावे. फक्त कार्डावर मधोमध एक उभी रेघ ओढून घ्यावी.